मित्राचा तरुण भाऊ गेलाय, घरच्यांना गीतेतलं काही सांगावं का?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑफिसमधल्या मित्राचा धाकटा भाऊ नवले पुलाजवळ टू-व्हीलरच्या अपघातात गेला, वय सत्तावीस, आज चौथा दिवस. घर वारकरी आहे, वडील माळकरी, पण मुलगा गेल्यावर त्यांनी गळ्यातली माळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि देवाचं नाव घेऊ नका म्हणाले. तुम्ही स्वतः रोज गीता वाचता, त्यातून तुम्हाला आधार मिळतो, तर तो त्यांनाही द्यावा असं वाटतंय. शिवाय बहिणीने दशक्रियेला घाटावर यावं का, प्रवचन ठेवावं का, असंही विचारलंय.

मी पुण्यात पौरोहित्य करते, अंत्येष्टी ते वर्षश्राद्ध सगळं, बरीच वर्षं झाली. त्यामुळे लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

गीतेचं आधी घेऊ. आत्ता नको. तुमची श्रद्धा खोटी नाही आणि दुसरा अध्यायही खोटा नाही, पण 'जातस्य हि ध्रुवो मृत्युः' हे कृष्णाने अर्जुनाला युद्ध सुरू व्हायच्या आधी सांगितलं, तेव्हा अर्जुनाचं कोणी गेलेलं नव्हतं, पुढे जातील या भीतीने तो खचला होता. त्यानंतर तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. गीता प्रत्यक्ष ऐकलेला माणूस तो, आणि तरी द्रोणपर्वात बघा, संध्याकाळी शिबिरात परत आल्यावर पोराचं नाव घेऊन घेऊन कसा रडलाय, तो कुठे दिसेना म्हणून एकेकाला विचारतोय, मी त्याच्या आईला काय सांगू म्हणतोय. तेव्हा कृष्णाने काय केलं, तर आधी त्याला धरलं, मग चार वाक्यं बोलला, शूरांची वाट हीच असते, आणि तुला असं बघून तुझे भाऊ खचतायत, त्यांना धीर दे. अठरा अध्याय परत सांगत बसला नाही. साक्षात भगवंताला जिथे चार वाक्यात आवरावंसं वाटलं तिथे आपण सोफ्यावर बसून आत्मा अमर आहे म्हणून लेक्चर देणं मला तरी जमत नाही.

आणि एक बघा, आत्मा अमर आहे हे त्या आईला माहीत नाही का? चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलीयत तिने. तिला आत्म्याचा प्रश्नच नाहीये, रात्री साडेअकराला गेटपाशी गाडी थांबल्याचा आवाज येत नाही हा तिचा प्रश्न आहे.

समाचाराला येणारी माणसं वाईट नसतात, पण शांतता सहन होत नाही म्हणून काहीतरी बोलतात. 'देवाला पण चांगलीच माणसं लागतात', 'त्याचं तेवढंच लिहिलेलं होतं', 'सुटला हो, पुढचे हाल वाचले'. यातलं सगळ्यात वाईट म्हणजे प्रारब्ध आणि पूर्वकर्म. म्हणणाऱ्याला वाटतं मी तत्त्वज्ञान सांगतोय, ऐकणाऱ्या बापाला ऐकू येतं की तू काहीतरी केलंस म्हणून तुझा पोरगा गेला. मग तो रात्रभर हिशोब करत बसतो, कोणाचं काय वाकडं केलं आपण. हे मी खूप घरांत बघितलंय, आणि असं बोलणारा माणूस बहुतेक वेळा घरातला सगळ्यात धार्मिक समजला जाणारा असतो. तुमच्या मित्राला 'आता आईवडिलांना तुलाच सांभाळायचंय' हेही म्हणू नका. त्याला ते कळतं, आणि त्याचाही भाऊ गेलाय हे सगळे विसरलेत.

मग बोलायचं काय? गेलेल्याचं नाव घ्या. लोक चौथ्या दिवसापासूनच 'तो', 'ते झालं तेव्हा' असं बोलायला लागतात, नाव टाळतात. तुम्हाला त्याची एखादी गोष्ट माहीत असेल, बारीकशी, कोणाची पीएमटी चुकली म्हणून त्याने स्वारगेटला सोडलं होतं वगैरे, ती सांगा. आईवडिलांना माहीत नसलेली गोष्ट असेल तर फारच चांगलं, त्यांना मुलाचा एक नवा तुकडा मिळतो. नाहीतर 'काय बोलावं कळत नाही, बसतो थोडा वेळ' हे पुरतं. आणि उठताना आपल्याकडे 'येतो' म्हणत नाहीत हे लक्षात ठेवा, गप उठून निघायचं, कोणी या म्हणणार नाही आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता माळेचं. तुम्ही लिहिलंय की काकांची, म्हणजे मित्राच्या वडिलांची, श्रद्धा ढळलीय, त्यांना परत मार्गावर आणायला काय करू. काही करू नका. ती माळ ड्रॉवरमध्ये आहे, मुठेत टाकलेली नाही. देवाशी भांडणं ही वारकऱ्यांकडे नवी गोष्ट नाहीये, उलट संतांनीच शिकवलेली आहे. नामदेव म्हणतात 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा', म्हणजे दारात येऊन तोंडावर सांगितलं की तुझं नाव खोटं आहे, चाललो मी. जनाबाई तर 'अरे विठ्या विठ्या' म्हणून सरळ अंगावरच जाते. असं भांडण ज्याच्याशी चाळीस वर्षांचं नातं आहे त्याच्याशीच होतं. काका विठ्ठलाला शिव्या घालत असतील तर घालू द्यात, 'असं बोलू नये हो' म्हणून थांबवू नका. ते माळ परत घालतील किंवा नाही घालणार, तो त्यांचा आणि पांडुरंगाचा मामला. घातली तरी 'बरं झालं' म्हणायला जाऊ नका.

तुकोबांचं उदाहरण पण लोक फार देतात. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, आणि ते म्हणाले 'बरे झाले देवा निघाले दिवाळे'. खरंय. पण ते स्वतःबद्दल म्हणाले, आणि तिथपर्यंत यायला त्यांचं काय काय जळालं ते त्यांनाच माहीत. शेजाऱ्याच्या दिवाळखोरीवर कोणी 'बरे झाले' म्हणत नाही. त्यापेक्षा समाधीचे अभंग आठवा. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तीनाथ, म्हणजे गुरू आणि सख्खा मोठा भाऊ, कसे कोसळले ते नामदेवांनी लिहून ठेवलंय. ज्ञानी माणूस रडतो, तेही सगळ्यांसमोर, हे आपल्या परंपरेने लपवलेलं नाही. तुमच्या मित्राला कधी बोलावंसं वाटलं तर एवढंच सांगा, मोठा भाऊ निवृत्तीनाथ पण रडला होता. एखादाच धागा, आणि तोही त्यांच्याच घरातला. मी गीतेला आत्ता नको म्हणते त्याचं खरं कारण हेच आहे, ती तुमच्या रोजच्या वाचनातली आहे, त्यांचं आयुष्य हरिपाठावर गेलंय. शेजारी मराठी ख्रिस्ती घर असतं तर मी म्हटलं असतं की त्यांच्या चर्चमधली रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायला त्यांचेच लोक येतील, तुम्ही मागे बसा. मुसलमान घर असतं तर पहिले तीन दिवस चूल पेटू नये म्हणून डबा न्या म्हटलं असतं. ज्याचं दुःख त्याचीच भाषा.

हरिपाठावरून आठवलं. सुतकात देवपूजा बंद असते, आणि याचा त्रास असा होतो की ज्या बाईचा दिवस पूजेपासून सुरू होतो तिचा तोच आधार नेमका या दहा दिवसांत काढून घेतला जातो. पण नामस्मरणाला सुतक नाही, वारकऱ्यांत तर कोणीही सांगेल. काकूंना वाटलं तर संध्याकाळी हरिपाठ म्हणता येतो, अर्धा तास पुरतो, टाळ नसले तरी चालतं. आळीतल्या दोन-तीन बायका रोज ठरावीक वेळेला येऊन म्हणतील अशी सोय तुम्ही करू शकलात तर तुमच्या सगळ्या प्रवचनापेक्षा मोठं काम होईल. काका आतल्या खोलीत दार लावून बसतील कदाचित. बसू देत. दारातून आवाज जातोच.

गरुडपुराणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी ठेवणारच म्हणून लिहिते. दहा दिवस वाचायची पद्धत आहे, ठीक, पण त्यात यममार्गाची, वैतरणीची, यातनांची वर्णनं आहेत, ती म्हातारपणी गेलेल्या आजोबांच्या घरी लोक जांभया देत ऐकतात. अपघातात गेलेल्या पोराच्या आईला तीच वर्णनं ऐकवली तर ती डोळ्यासमोर पोराला त्या वाटेवर चालताना बघते, अनवाणी. मी अशा घरी सांगते की गीतेचा पंधरावा अध्याय वाचा, उपदेश म्हणून नाही, नुसता पाठ म्हणून, विष्णुसहस्रनाम वाचा, ज्ञानेश्वरीतलं थोडं वाचा. आजपर्यंत कोणी शास्त्र काढून भांडलेलं नाही.

दुसरं म्हणजे भीती घालणारे नातेवाईक. अकाली मृत्यू म्हटलं की पाचव्या दिवसापर्यंत कोणीतरी नारायणबळीचा विषय काढतंच, त्र्यंबकेश्वरला जाऊन करा नाहीतर जीव भटकत राहील. कोणी पंचांग उघडून बघतं की पंचक होतं का. पंचक म्हणजे धनिष्ठा नक्षत्राच्या उत्तरार्धापासून रेवती नक्षत्रापर्यंतचा काळ, त्यात कोणी गेलं तर घरातले अजून पाच जातात असा समज. त्याचा विधी दहनाच्या वेळीच पाच पुतळे करून होतो, दर्भाचे किंवा पिठाचे, फार वेळाचं काम नाही, गुरुजींनी पाहिलंही असेल. असं काही कोणी बोलायला लागलं तर तुमचं काम एकच, त्या माणसाला चहाच्या निमित्ताने बाहेर न्यायचं आणि म्हणायचं, आपण गुरुजींना विचारू, काकूंसमोर नको. नारायणबळी करायचाच असेल तर पुढे सवडीने होतो, त्याची घाई या दहा दिवसांत कोणी करू नये. आणि ज्या आईने अजून पोराच्या खोलीतली चादर बदललेली नाही तिला तो भटकतोय असं सांगणाऱ्याला काय म्हणावं, जाऊ दे.

वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीत दहन केलं असं तुम्ही लिहिलंय आणि काका सारखं म्हणतायत की लाकडावर द्यायला हवं होतं, नीट अग्नी दिला नाही आपण. पोस्टमार्टेम, पोलीस, ससूनला थांबणं, या सगळ्यात त्या दिवशी कोणाचं डोकं चालत नसतं, आणि नंतर मन एखादी चूक शोधून काढतं आणि तीच धरून बसतं. त्यांना कोणीतरी अधिकाराने सांगायला हवं की आत सोडायच्या आधी मंत्र म्हणून कापूर ठेवला तेव्हाच अग्नी दिला गेला, दाहिनी विजेची की लाकडाची याने संस्कारात काही कमी होत नाही. तुम्ही सांगून उपयोग नाही, त्यांच्या नेहमीच्या गुरुजींना फोन करून सांगा की काकांना एवढं एक वाक्य बोला. श्रद्धेचा आधार देणं म्हणजे पुष्कळदा असंच असतं, योग्य माणसाच्या तोंडून एक वाक्य.

आता दहावा दिवस. ओंकारेश्वरच्या घाटावर करताय म्हणालात. सकाळी लवकर पोचा, गाडी लावायला तिथे फार जागा नसते, काका-काकूंना आधी उतरवून मग गाडी लांब लावा. बहिणीबद्दल: तिला यायचं असेल तर यावं, बस. मी स्वतः बाई असून स्मशानात मंत्र म्हणते, सुरुवातीला लोक माझ्याकडे बघून कुजबुजायचे, आता फोन नंबर मागतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पुरोहित बायकाही हे सगळं करतात, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगून. मुलीने तिलांजली दिली, पिंडाला नमस्कार केला, तर कुठलाही दोष नाही. एखादे चुलते आडवे येतील, तर भावानेच म्हणायचं की ताई माझ्या शेजारी उभी राहणार. तुम्ही मध्ये पडू नका, तुम्ही बाहेरचे.

पिंडदान झालं की कावळ्याची वाट बघणं असतं, आणि खरं सांगू का, सगळ्या तेरा दिवसांत आधार देणारी वेळ जर कुठली असेल तर ती ही. पिंड मांडलेला असतो, कावळा वर फांदीवर बसलेला असतो, येत नाही. मग एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने बोलतो. आईची काळजी करू नको. तुझं गाडीचं लोन मी फेडतो. बहिणीचं लग्न नीट करून देऊ. माणसं घरी जे बोलू शकत नाहीत ते तिथे सगळ्यांसमोर बोलून टाकतात, आणि बोलल्यामुळे बांधली जातात. दोन वर्षं एकमेकांशी अबोला असलेले भाऊ मी तिथे एकाच वेळी पुढे आलेले बघितलेत. म्हणून मी कधी घाई करत नाही, पुढचं काम असलं तरी.

पण हीच वेळ क्रूरही होऊ शकते. उशीर झाला की मागून आवाज येतो, काहीतरी मोठी इच्छा राहिली असणार. सत्तावीस वर्षांच्या मुलाची इच्छा राहिली असणारच ना, सगळंच राहिलंय त्याचं. म्हणून हे आदल्या रात्रीच घरात बोलून ठेवा, गुरुजींकरवी बोलवा: कावळा नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तो शास्त्रातलाच मार्ग आहे, त्याने काही अर्धवट राहत नाही. काकूंना हे आधी माहीत असेल तर त्या फांदीकडे बघत जीव मुठीत धरून बसणार नाहीत. पहिल्या दिवसापासून गेलेल्याचं प्रतीक म्हणून ठेवलेला दगड, म्हणजे अश्मा, त्या दिवशी विसर्जित होतो, तेव्हा बऱ्याच बायकांचा बांध फुटतो, कोणालाही कळत नाही की दगडासाठी का रडतायत. तेव्हा पाठीवर हात ठेवायला बहिणीला शेजारी ठेवा, म्हणून पण ती हवीच.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं की घर रिकामं होतं, आणि पंधरा-सोळाव्या दिवशी काकूंना कळतं की खरंच गेला. तुम्हाला काही करायचं असेल तर तेव्हा करा. दर महिन्याच्या तिथीला मासिक श्राद्ध असतं, ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा आणि त्या दिवशी मित्राला फोन करा, नुसता फोन. पहिली दिवाळी ते करणार नाहीत, फराळ आपण न्यायचा असतो. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा काका घरात थांबतील की भवानी पेठेत माउलींच्या दर्शनाला जातील सांगता येत नाही, पण त्या दोन दिवसांत त्यांना एकटं ठेवू नका. गीतेची प्रत द्यायची असेल तर वर्षानंतर द्या, तोपर्यंत ते स्वतःच काहीतरी मागतील किंवा नाही मागणार.

एक गोष्ट मात्र श्रद्धेवर सोडू नका. 'मला पण त्याच्याकडे जायचंय' असं आई पहिल्या काही दिवसांत म्हणतेच. पण महिना-दोन महिन्यांनंतरही तेच चालू असेल, जेवण सुटलं असेल, झोप नसेल, किंवा कोणी कसं जायचं याबद्दल बोलायला लागलं तर हरिपाठाबरोबर डॉक्टर पण लागतो. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि ती व्यक्ती आत्ताच जिवाचं काही बरंवाईट करेल असं वाटलं तर फोनवर विसंबू नका, तिला एकटं सोडायचं नाही, सरळ हॉस्पिटलला न्यायचं. मानसोपचार घेतला म्हणजे विठ्ठलावरचा विश्वास कमी पडला असं काही नसतं, हे काकांना पटवायला वारीतलाच एखादा डॉक्टर मित्र गाठा, दिंड्यांमध्ये पुष्कळ असतात.

राहिलं प्रवचन. तुमच्या मित्राचं मूळ गाव जिल्ह्यातलं आहे म्हणजे दशक्रियेला प्रवचन होणारच, तुम्ही ठेवा किंवा ठेवू नका. महाराज ठरवताना मोठं नाव बघू नका, घराला ओळखणारा बघा. आणि त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा: मुलाचं नाव, तो काय करायचा, घरात त्याला काय म्हणून हाक मारायचे. अपघात कसा झाला याचं वर्णन नको. हल्लीच्या तरुण पोरांना हेल्मेट नको, आईबापाचं ऐकायला नको, असले टोमणे तर अजिबात नकोत, समोर त्याचेच मित्र बसलेले असतात. वीस मिनिटं खूप झाली. नंतर श्रद्धांजलीसाठी माइक फिरतो तेव्हा नगरसेवक आणि पतसंस्थेचे चेअरमन वगैरे रांगेत असतात, तो माइक कोणाच्या हातात ठेवायचा ते आधी ठरवा. शक्य असेल तर तुमच्याच हातात ठेवा.